दुसऱ्याच्या खात्यावरचा हिशेब : लटाशा हार्लिन्स प्रकरण, लॉस एंजेलिस, १९९१-९२

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात, साउथ फिगरोआ स्ट्रीटवर, एम्पायर लिकर मार्केट नावाचे एक दुकान होते. त्या वस्त्यांत मोठी किराणा दुकाने फारच थोडी उरलेली असल्यामुळे अशी दारूची दुकानेच लोकांचा वाणी झालेली होती आणि दूध, पाव, शीतपेये यांसाठी शाळकरी मुलेसुद्धा तेथेच जात. शनिवार, १६ मार्च १९९१ रोजी सकाळी पंधरा वर्षांची लटाशा हार्लिन्स या दुकानात आली. तिने शीतकपाटातून संत्र्याच्या रसाची बाटली काढली, पाठीवरच्या पिशवीत ठेवली आणि ती गल्ल्याकडे गेली. बाटलीची किंमत एक डॉलर एकोणऐंशी सेंट होती. लटाशाच्या हातात दोन डॉलर होते.

गल्ल्यामागे सून जा डू ही पन्नाशीची कोरियन स्त्री उभी होती. दुकान तिच्या कुटुंबाचे होते आणि तिचा नवरा बाहेर गाडीत झोपला होता. मुलगी बाटली चोरते आहे असे तिला वाटले आणि तिने लटाशाचा स्वेटर धरून पिशवी ओढली. दुकानात त्या वेळी असलेल्या दोन लहान मुलांनी नंतर साक्ष दिली की, डूने शिवी देऊन चोरीचा आरोप केला आणि लटाशा पैसे देणार असल्याचे सांगत होती. झटापटीत लटाशाने डूच्या तोंडावर ठोसे मारले, डू खाली पडली, मग उठून तिने एक स्टूल लटाशाच्या दिशेने भिरकावले. लटाशाने जमिनीवर पडलेली बाटली उचलून गल्ल्यावर ठेवली. डूने ती हिसकावली. लटाशा पाठ फिरवून दाराकडे वळली. तोपर्यंत डूने गल्ल्याखालचे रिव्हॉल्व्हर काढले होते. सुमारे तीन फुटांवरून सुटलेली गोळी लटाशाच्या डोक्यात मागच्या बाजूने शिरली आणि ती जागीच मरण पावली. आवाज ऐकून धावत आलेल्या नवऱ्याने पोलिसांना फोन केला तो दरोड्याचा प्रयत्न झाल्याचे कळवण्यासाठी. दुकानातल्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले होते. फीत पाहून आणि मुलांशी बोलून पोलिसांनी काढलेला निष्कर्ष स्पष्ट होता : चोरी झाली नव्हती, चोरीचा प्रयत्नही झाला नव्हता.

पुढचे वर्षभर आणि त्यानंतरही अमेरिकेत या घटनेवर जो वाद झाला, त्याला बहुतेकांनी ‘काळे विरुद्ध कोरियन’ असे नाव दिले. हे नाव अपुरे आहे, आणि घातकही आहे, असे माझे मत आहे. या प्रकरणात प्रत्येक टप्प्यावर एकाच्या कृत्याचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला आणि ज्यांनी तो मांडला त्यांना आपण न्यायच करतो आहोत असे वाटत होते. हे कसे घडले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

दुकान तेथे कसे आले

ऑगस्ट १९६५मध्ये याच भागातल्या वॉट्स वस्तीत सहा दिवस दंगल झाली होती आणि तिच्यात चौतीस माणसे मेली होती. तोवर तेथील बरीच दुकाने ज्यू कुटुंबांची होती. दंगलीनंतर त्यांतल्या अनेकांनी व्यवसाय विकून काढता पाय घेतला. मोठ्या किराणा साखळ्याही हळूहळू निघून गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशांतून येणाऱ्यांविषयीचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांसाठी दार उघडले. पुढच्या दोन दशकांत दक्षिण कोरियातून मोठ्या संख्येने लोक लॉस एंजेलिसला आले. त्यांच्यापैकी अनेकजण पदवीधर होते, परंतु इंग्रजी कच्चे आणि तिकडची पदवी इकडे चालत नाही, अशा अवस्थेत नोकरीपेक्षा स्वतःचे लहान दुकान बरे, हा विचार स्वाभाविक होता. बँक कर्ज देत नसे. तेव्हा ओळखीची माणसे दरमहा ठरावीक रक्कम जमा करत आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी रक्कम उचलायला मिळे. कोरियन भाषेत या पद्धतीला ‘ग्ये’ म्हणतात. मराठी वाचकाला ही भिशी आहे हे सांगावे लागणार नाही. भिशीच्या पैशात बेव्हर्ली हिल्ससारख्या श्रीमंत वस्तीत दुकान मिळत नाही. ज्या वस्तीत दुसरे कुणी यायला तयार नाही, तेथेच ते मिळते.

त्या वस्तीची स्थिती काय होती? साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना आणि १९८२मध्ये बंद पडलेला जनरल मोटर्सचा कारखाना ही त्या काळी बंद पडलेल्या उद्योगांची दोन उदाहरणे. शाळा संपवून सरळ कारखान्यात जाण्याचा आणि त्या पगारावर घर घेण्याचा जो मार्ग आधीच्या पिढीतल्या आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांना निदान काही प्रमाणात उपलब्ध झाला होता, तो मुलांच्या वेळेस बंद झाला. नंतर क्रॅक कोकेन आले, टोळ्या आल्या आणि पोलिसांची धाडसत्रे आली. ज्यांच्या हाती पैसा नाही अशा लोकांच्या वस्तीत, ज्यांच्याही हाती फारसा पैसा नाही असे परके लोक दिवसाचे चौदा-पंधरा तास गल्ल्यावर बसलेले, अशी ती रचना होती. समाजशास्त्रज्ञ एडना बोनासिच यांनी १९७३मध्ये अशा समूहांना मध्यस्थ अल्पसंख्याक म्हटले होते. माल वरून येतो, संताप खालून येतो आणि दोन्हींच्या मध्ये हा दुकानदार उभा असतो.

ही रचना भारतीयांना अनोळखी नाही. जानेवारी १९४९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात एका भारतीय दुकानदाराने एका आफ्रिकी मुलाला मारहाण केली आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत १४२ माणसे मेली, शेकडो भारतीय घरे आणि दुकाने उद्ध्वस्त झाली. त्या देशात वर्णभेदाचे कायदे करणारे राज्यकर्ते गोरे होते, आणि मेले ते मुख्यतः आफ्रिकी आणि भारतीय. लॉस एंजेलिसचे प्रकरण वाचताना डर्बन आठवल्यावाचून राहत नाही.

रोजच्या व्यवहारातले कडूपण मात्र रचनेच्या भाषेत पुरते सांगता येत नाही. आफ्रिकी-अमेरिकी गिऱ्हाइकांची तक्रार अशी होती की, दुकानात पाऊल टाकल्यापासून दुकानदाराची नजर आपल्या हातांवर असते, तो नोकरीला आपल्यापैकी कुणाला घेत नाही, आणि उरलेले सुटे पैसे हातावर न देता गल्ल्यावर टाकतो. कोरियन लोकांनी खुलासा केला की, अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवणे आणि हाताला हात न लावणे ही आमच्याकडे सभ्यता समजली जाते. त्या काळच्या वृत्तपत्रांना हा खुलासा फार आवडला, कारण त्यामुळे सगळा प्रश्न गैरसमजाचा ठरत होता आणि गैरसमज दूर करायला एखादी कार्यशाळा पुरते. सुट्या पैशांची गोष्ट खरी होती; ज्याच्यासमोर ते रोज टाकले जातात त्याला ती लागणारच. पण चालीरीतींच्या फरकाने कारखाने बंद पडत नाहीत, आणि गल्ल्याखाली रिव्हॉल्व्हरही येत नाही.

रिव्हॉल्व्हर का आले होते, हेही सांगितले पाहिजे. डू कुटुंबाच्या या दुकानावर टोळीतल्या तरुणांनी वारंवार हात मारला होता. मुलाला धमक्या आल्या होत्या आणि दुकान काही दिवस बंद ठेवावे लागले होते. सून जा डू एरवी कुटुंबाच्या दुसऱ्या, शहराबाहेरच्या दुकानात बसे. त्या शनिवारी ती फिगरोआ स्ट्रीटवर आली होती. ते रिव्हॉल्व्हर मध्यंतरी चोरीला जाऊन परत मिळालेले होते आणि त्याचा घोडा किंचित दाबानेही सुटेल असा कुणीतरी बदललेला होता. या गोष्टी खटल्यात पुढे आल्या आणि त्या खऱ्या मानल्या गेल्या. त्या भीतीला मी खोटे म्हणत नाही.

खटला आणि शिक्षा

लटाशाच्या मृत्यूच्या तेराच दिवस आधी, ३ मार्च १९९१ रोजी, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या आफ्रिकी-अमेरिकी माणसाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी झोडपले होते आणि जवळच्या सज्जातून एका रहिवाशाने ते व्हिडिओवर टिपले होते. त्या फितीने सारा देश हादरला होता. लगोलग दुसरी फीत आली. दूरचित्रवाणीवर दोन्ही एकामागून एक दाखवल्या जाऊ लागल्या. दुकानातल्या फितीला आवाज नव्हता. मुलगी काय म्हणाली आणि दुकानदारीण काय म्हणाली हे तिच्यातून कळत नाही. शिवाय अनेकदा वाहिन्या फक्त शेवटचे काही क्षण दाखवत, आधीची झटापट वगळत. ही कोरियन समाजाची तक्रार रास्त होती. दुसरीकडे, सगळी फीत पाहिली तरी तिचा शेवट बदलत नाही. मुलीची पाठ वळलेली आहे.

बचावपक्षाचे म्हणणे होते की, गोळी अपघाताने सुटली. विशेष म्हणजे डूचे वकील चार्ल्स लॉइड हे स्वतः आफ्रिकी-अमेरिकी होते, आणि ‘काळे विरुद्ध कोरियन’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट कोठे ठेवावी ते कधीच कळले नाही. ११ ऑक्टोबर १९९१ रोजी ज्यूरीने निकाल दिला : सदोष मनुष्यवध. याचा अर्थ ज्यूरीने अपघाताची गोष्ट स्वीकारली नाही; गोळी झाडणे हे हेतुपुरस्सर, परंतु भावनेच्या भरात केलेले कृत्य ठरवले. शस्त्राच्या वापराबद्दलची वाढ धरून जास्तीत जास्त सोळा वर्षांची शिक्षा होऊ शकत होती. प्रोबेशन म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखाली बाहेर ठेवणे. प्रोबेशन अधिकाऱ्याने दिलेल्या अहवालात, ही स्त्री पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता फार कमी आहे असे नमूद करूनही, तुरुंगवासाचीच शिफारस होती.

१५ नोव्हेंबरला न्यायाधीश जॉयस कार्लिन यांनी दहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि ती लगेच स्थगित केली. त्याऐवजी पाच वर्षे प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा, पाचशे डॉलर दंड आणि अंत्यविधीचा खर्च. डूला तुरुंगात जावे लागले नाही.

कार्लिन यांनी दिलेली कारणे नीट वाचली पाहिजेत, कारण पुढच्या सगळ्या वादाची गाठ तेथे आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बंदूक वापरणाऱ्याला सहसा प्रोबेशन देऊ नये असे होते. अपवादात्मक परिस्थितीत मात्र देता येत असे. कार्लिन यांच्या मते ही परिस्थिती अपवादात्मक होती. डूविरुद्ध आधीचा एकही गुन्हा नव्हता, तिला मोठी चिथावणी मिळाली होती, आणि त्या दुकानावर झालेल्या गुन्ह्यांमुळे ती भयभीत होती. तिची प्रतिक्रिया अयोग्य होती, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले; पण ती समजण्यासारखी होती, असेही म्हटले. लटाशा जिवंत राहिली असती आणि आधीचा प्रसंग पोलिसांपर्यंत गेला असता, तर मारहाणीबद्दल तिच्यावर खटला भरायचा की नाही याचा विचार सरकारी वकिलांना करावा लागला असता, अशा आशयाचे विधानही त्यांनी केले. शिक्षा सूड उगवण्यासाठी नसते, हे त्यांचे सूत्र होते, आणि स्वतंत्रपणे पाहिले तर त्या सूत्राशी माझे भांडण नाही.

माझा आक्षेप ‘समजण्यासारखी’ या शब्दाला आहे. डूला भीती कुणाची वाटत होती? टोळीतल्या तरुणांची. त्यांनी धमकावले, लुटले, मुलाला त्रास दिला. लटाशा त्यांच्यापैकी नव्हती. ती नववीतली मुलगी होती. आईला १९८५मध्ये गोळी घालून ठार मारण्यात आल्यानंतर आजीने वाढवलेली. टोळीच्या गुन्ह्यांमुळे तिच्याविषयीची भीती समजण्यासारखी ठरते, ती एकाच दुव्याने : तिचा वर्ण तोच आहे. न्यायालयाने हा दुवा शब्दांत कोठेही मांडला नाही, आणि न्यायाधीशांच्या मनात वंशद्वेष होता असे म्हणायला मला आधार नाही. पण दुवा काढून घेतला तर युक्तिवाद उभा राहत नाही. डूचे आयुष्य न्यायालयाने एका व्यक्तीचे आयुष्य म्हणून पाहिले : तिचे कष्ट, तिचा निष्कलंक पूर्वेतिहास, तिची भीती. लटाशाच्या वाट्याला मात्र तिच्या वस्तीचा पूर्वेतिहास आला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. येथे संन्याशी आधीच मेलेला होता आणि चोरांच्या नावाने त्याचे मरण स्वस्त झाले.

आफ्रिकी-अमेरिकी समाजात उसळलेला संताप या स्वस्तपणाचा होता. त्याच सुमारास ग्लेनडेलमध्ये एका इसमाला कुत्र्याला लाथा मारल्याबद्दल तीस दिवसांची कैद झाली होती, आणि ही तुलना पुढे वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहिली. लटाशाची मावशी डेनिस हार्लिन्स हिने तिच्या नावाने न्याय समिती काढली, न्यायालयाबाहेर निदर्शने केली, न्यायाधीशांना मतदारांकरवी पदावरून हटवण्यासाठी मोहीम चालवली. ती २०१८मध्ये वारली, तोपर्यंत तिने हा विषय सोडला नाही. जिल्हा सरकारी वकील आयरा राइनर यांनी शिक्षेविरुद्ध अपील केले आणि पुढील फौजदारी खटले कार्लिन यांच्यासमोर चालवू नयेत असे आपल्या वकिलांना सांगितले. २१ एप्रिल १९९२ रोजी अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला : शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशांचा आहे आणि तो त्यांनी मर्यादेबाहेर जाऊन वापरला असे दिसत नाही. कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजतो; अपील न्यायालयापुढचा प्रश्न शिक्षा योग्य आहे का हा नव्हता, अधिकाराचा गैरवापर झाला का हा होता. पण रस्त्यावरच्या माणसाला हा फरक कोण समजावणार, आणि समजावला तरी त्याने तो का मानावा?

वादातली माणसे

या वर्षभरात वादात भाग घेणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट होते, पण त्यांना समान जागा देण्याचे कारण नाही.

पहिला गट बहिष्काराचा होता. ब्रदरहूड क्रूसेड या संस्थेचे डॅनी बेकवेल यांनी कोरियन दुकानांविरुद्ध बहिष्काराचे नेतृत्व केले. लटाशा जेथे मेली त्या दुकानाचे दार पुन्हा उघडले नाही. खून आणि काळ्या लोकांचा अपमान यांबद्दल बंद, अशा अर्थाची पाटी लोकांनी त्यावर लावली. बहिष्कार हे अहिंसक आणि सन्मान्य हत्यार आहे, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेल्या मोंटगोमेरीच्या बसबहिष्कारापासून आफ्रिकी-अमेरिकी समाजाने ते कमावलेले आहे. पण मोंटगोमेरीचा बहिष्कार ज्या कंपनीने अपमान केला तिच्याविरुद्ध होता. एका दुकानदारिणीच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या दुकानासमोर उभे राहताना तो बदलतो.

दुसरा आवाज कोरियन समाजाचा. तो बराच काळ इंग्रजीत पोचलाच नाही, कारण त्यांची वृत्तपत्रे आणि आकाशवाणी कोरियन भाषेत होती. त्यांच्यासाठी बातमी वेगळी होती : आपले दुकानदार दरोड्यांत मारले जात आहेत आणि त्यांची नावे कुणी घेत नाही. के. डब्ल्यू. ली हे त्या काळी इंग्रजीतून कोरियन-अमेरिकी वृत्तपत्र चालवणारे ज्येष्ठ पत्रकार होते. मोठी माध्यमे दोन गरीब समाजांना झुंजवत आहेत, असे ते सातत्याने लिहीत होते. मला त्यांचे म्हणणे बहुतांशी पटते. मथळ्यांमध्ये ‘कोरियन दुकानदार’ हा शब्द इतक्या वेळा आला की व्यक्ती पुसली जाऊन राष्ट्रीयत्व उरले. तरीही लटाशाच्या बाबतीत कोरियन समाजाच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांनी आधी डूच्या बाजूने उभे राहणे पसंत केले. संकटात सापडलेला समाज आपल्या माणसाला सोडत नाही, हे खरे. पण ज्या क्षणी त्यांनी तिचा बचाव समाजाचा बचाव म्हणून केला, त्या क्षणी तिचा गुन्हाही समाजाच्या नावावर चढायला वाट मिळाली.

तिसरा प्रयत्न संवादाचा. काळ्या आणि कोरियन प्रतिनिधींची एक आघाडी १९८६पासून शहरात काम करत होती. बैठका होत, एकमेकांच्या चर्चमध्ये जाणे होई, पत्रके निघत. लोक प्रामाणिक होते. पण परवाने, कर्जे, कारखाने, पोलीस यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार नव्हता, आणि १९९२च्या अखेरीस ती आघाडी विसर्जित झाली.

२९ एप्रिल

अपील न्यायालयाच्या निकालानंतर आठ दिवसांनी, २९ एप्रिल १९९२ रोजी दुपारी, सिमी व्हॅली येथे रॉडनी किंगला झालेल्या मारहाणीबद्दल चार पोलिसांवर चाललेल्या खटल्याचा निकाल लागला. एका पोलिसावरील एका आरोपाबद्दल ज्यूरीचे एकमत झाले नाही. बाकी सर्व आरोपांतून चौघेही सुटले. त्या ज्यूरीत एकही आफ्रिकी-अमेरिकी नव्हता. संध्याकाळपर्यंत फ्लोरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकातून पोलिसांनी माघार घेतली, एका गोऱ्या ट्रकचालकाला बाहेर ओढून जबर मारहाण झाली आणि ती हेलिकॉप्टरमधून थेट प्रक्षेपित झाली. त्याला वाचवायला घरातून धावत गेले तेही त्याच भागातले आफ्रिकी-अमेरिकी रहिवासी होते, हे मात्र सांगताना अनेकजण विसरतात.

पुढचे पाच-सहा दिवस शहर जळत होते. साठहून अधिक माणसे मेली आणि सुमारे एक अब्ज डॉलरचे नुकसान झाले. त्यातले सुमारे चाळीस कोटींचे नुकसान कोरियन मालकीच्या दुकानांचे होते; अशी तेवीसशेच्या आसपास दुकाने लुटली किंवा जाळली गेली. जळणाऱ्या दुकानांसमोर लटाशाचे नाव घेतले जात होते. भिशीच्या पैशांत उभी केलेली दुकाने, त्यांपैकी अनेकांचा विमा पुरेसा नव्हता किंवा विमा कंपनीच पैसे द्यायला समर्थ नव्हती. यांपैकी कुणीही फिगरोआ स्ट्रीटवर गोळी झाडली नव्हती. टोळीची भीती लटाशाच्या खात्यावर टाकणारा हिशेब चुकीचा असेल, तर डूचा गुन्हा या तेवीसशे कुटुंबांच्या खात्यावर टाकणारा हिशेब बरोबर कसा? जे लोक आजही त्या जाळपोळीला निव्वळ उठाव म्हणतात त्यांना हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि जे तिला निव्वळ गुंडगिरी म्हणतात त्यांना पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

कोरियाटाउन या कोरियन वस्तीतल्या दुकानदारांनी पोलिसांना फोन केले आणि कुणी आले नाही. कोरियन आकाशवाणी केंद्रच मदतीचे केंद्र बनले : कोणत्या दुकानावर जमाव आला आहे ते निवेदक सांगत आणि तरुण तिकडे धावत. छपरांवर बंदुका घेऊन उभे असलेले कोरियन पुरुष हे त्या दंगलीचे जगभर फिरलेले चित्र. शस्त्राच्या समर्थकांनी पुढे त्या चित्राचा पराक्रमाचे प्रतीक म्हणून भरपूर वापर केला. ३० एप्रिलच्या रात्री कोरियाटाउनच्या रक्षणासाठी बाहेर पडलेला अठरा वर्षांचा एक कोरियन-अमेरिकी मुलगा गोळी लागून मेला. ती गोळी लुटारू समजून झाडणाऱ्या कोरियन राखणदारांचीच होती. पराक्रमाची गोष्ट सांगणारे त्याच्याविषयी बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या चौकटीत बसत नव्हती. दक्षिण लॉस एंजेलिसच्या लोकसंख्येत तोवर जवळजवळ निम्मे लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले लोक, होते, आणि अटक झालेल्यांत त्यांचा वाटा आफ्रिकी-अमेरिकींपेक्षा मोठा होता. काळे विरुद्ध कोरियन हे नाव ज्यांनी दिले, त्यांना निम्मी वस्ती दिसलीच नव्हती.

२ मे रोजी कोरियाटाउनमध्ये सुमारे तीस हजार लोकांनी शांतता मोर्चा काढला. त्यात कोरियन भाषेतल्या फलकांबरोबर रॉडनी किंगला न्याय मिळाला पाहिजे असे फलकही होते. ज्यांची दुकाने दोन-तीन दिवसांपूर्वी जळाली त्यांनी हा फलक हातात धरला होता. या साऱ्या कागदपत्रांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण येथे प्रथमच कुणीतरी हिशेब योग्य खात्यावर मांडला.

त्यानंतर

जून १९९२च्या निवडणुकीत कार्लिन यांनी आपली जागा राखली. रॉडनी किंग प्रकरणातल्या चारपैकी दोन पोलिसांना पुढच्या वर्षी संघराज्याच्या न्यायालयात शिक्षा झाली. सून जा डू हिने प्रोबेशन पूर्ण केले.

दुकानांचा प्रश्न मात्र सरळ सुटला नाही. दंगलीत दारूची सुमारे दोनशे दुकाने नष्ट झाली होती. कम्युनिटी कोअलिशन ही कॅरन बास आणि इतरांनी १९९०मध्ये सुरू केलेली संघटना (बास पुढे २०२२मध्ये शहराच्या महापौर म्हणून निवडून आल्या) आधीपासूनच म्हणत होती की, वस्तीत दारूची दुकाने गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती पुन्हा उघडताना परवान्याला अटी लावाव्यात, अशी तिची मागणी होती : रखवालदार, दिवे, ठरावीक वेळा. कोरियन मालकांच्या दृष्टीने हा दुसरा आघात होता, कारण आयुष्याची कमाई जळाल्यावर परत उभे राहण्यालाही अडथळा येत होता. काहींनी दारूऐवजी धुलाईकेंद्र काढावे यासाठी मदतीची योजना आली. थोड्यांनीच ती घेतली. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते आणि या वेळी निदान भांडण खऱ्या विषयावर होते : कोणत्या रस्त्यावर कोणते दुकान असावे आणि त्याची किंमत कोणी मोजावी. वंशाविषयीच्या वर्षभराच्या गदारोळात हा प्रश्न फारसा ऐकूच आला नव्हता.

अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत ‘लोक विरुद्ध डू’ हा निकाल शिक्षेच्या उद्दिष्टांचा अभ्यास करताना आजही वाचला जातो. फिगरोआ स्ट्रीटवरच्या त्या दुकानापासून जवळच ॲल्जिन सटन नावाचे सार्वजनिक क्रीडाकेंद्र आहे. लटाशा तेथे खेळायला जात असे. २०२१मध्ये तेथील भिंतीवर तिचे मोठे चित्र रंगवण्यात आले आणि मुलांच्या मैदानाला तिचे नाव दिले गेले.